अर्धं काम वाऱ्याचं

कलाकृती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी हात येतो. कुंचला धरलेला हात, छिन्नी चालवणारा हात, सतारीच्या पडद्यांवरून फिरणारा हात. 'कुणाच्या हातचं आहे हे?' असं आपण मूर्तीबद्दल विचारतो, भरतकामाबद्दल विचारतो आणि पुरणपोळीबद्दलही विचारतो. आज मला अशा काही कलावंतांविषयी बोलायचं आहे, ज्यांनी आपलं निम्मं काम स्वतःच्या हातून काढून वाऱ्यावर, लाटांवर, पावसावर सोपवलं. त्यांच्या कलाकृती माळावर, समुद्रकिनाऱ्यावर, टेकडीच्या माथ्यावर उघड्यावरच उभ्या असतात. वारा पडला की त्या गप्प होतात आणि वारा सुटला की बोलू लागतात.

असं काही सांगितलं की ऐकणारा लगेच एक रास्त शंका काढतो. सगळं वाऱ्यानंच केलं, तर कलावंतानं काय केलं? पिंपळाची पानं वाऱ्यानं सळसळतात, त्याला आपण कला म्हणतो का? मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. चित्र-शिल्पातला जाणकार नव्हे. पण ही शंका माझ्याही कामाला लागू पडते. कवितेत आपलं किती आणि आपसूक आलेलं किती, हा हिशेब आम्हा लिहिणाऱ्यांना कधी नीट जमत नाही. म्हणून या मंडळींची कामं मला जवळची वाटतात.

सुरुवात ओळखीच्या आवाजापासून करू. पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना तारेच्या खांबाला कान लावून ऐकलेला आवाज आठवत असेल. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत ते खांब असत. कान टेकवला की आतून गुंऽऽ असा सूर यायचा. तारेतून चाललेले निरोपच ऐकू येतात, अशी आम्हा पोरांची समजूत. प्रत्यक्षात तो वारा होता. आपल्या देशातली तारसेवा २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली, निरोप संपले. पण जिथे तार ताणलेली आहे तिथे वारा आजही गुणगुणतो.

हे घडतं कसं? वाहता वारा तारेला अडतो आणि तिला वळसा घालून पुढे जातो. तारेच्या मागे त्याचे लहान लहान भोवरे सुटतात. एक वरच्या बाजूनं, एक खालच्या बाजूनं, आळीपाळीनं. प्रत्येक भोवरा तारेला किंचित ढकलतो आणि तार थरथरते. वारा जितका जोराचा आणि तार जितकी बारीक, तितके भोवरे अधिक आणि सूर वरचा. एक मिलिमीटर जाडीची तार आणि ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल, तर सेकंदाला सुमारे १००० भोवरे सुटतात. भोवऱ्यांची ही गती आणि तारेची स्वतःची कंपनं यांचा मेळ जमला, की तार मोठ्यानं गाऊ लागते.

या तत्त्वावर एक वाद्यच आहे. ग्रीक पुराणातल्या वायुदेवाच्या, इओलसच्या नावावरून त्याला 'इओलियन हार्प' म्हणतात. आपण वाऱ्याची वीणा म्हणू. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडितानं १६५०मध्ये आपल्या संगीतावरच्या ग्रंथात तिचं वर्णन केलं. एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि ती ठेवायची वाऱ्याच्या खिडकीत. गंमत अशी की सगळ्या तारा एकाच सुरात लावायच्या, फक्त त्यांची जाडी वेगवेगळी ठेवायची. मग एकच झुळूक कुठल्या तारेतून कुठला उपस्वर काढते आणि कुठल्या तारेतून कुठला, याचा नेम नसतो. कोलरिज या इंग्रज कवीनं १७९५मध्ये या वाद्यावर कविता लिहिली. कवी या वाद्याच्या प्रेमात का पडले, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे ही कल्पना त्याहून खूप जुनी आहे. कीचक म्हटलं की आपल्याला महाभारतातला, भीमानं मारलेला कीचक आठवतो. पण पोकळीत वारा शिरून वाजणाऱ्या वेळूलाही संस्कृतात कीचकच म्हणतात. अमरकोशात हा अर्थ दिलेला आहे आणि कालिदासानं 'कुमारसंभवा'त हिमालयाचं वर्णन करताना असे वेळू वाजवले आहेत. तिकडे फारसीत मौलाना रूमींची 'मसनवी' बासरीच्या तक्रारीनं सुरू होते. रूमींचा वेळू बेटातून तोडून आणलेला आहे; तो माणसाच्या श्वासानं वाजतो आणि आपल्या बेटाची आठवण काढतो. कालिदासाचा वेळू जागच्या जागी उभा आहे. त्याला वाजवायला माणूस लागत नाही. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे, ते कलावंत या दोन वेळूंच्या मधोमध उभे आहेत. वेळू मापून कापायचा तो माणसानं, आणि त्यात फुंकर घालायची ती वाऱ्यानं.

इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात बर्नली नावाचं गाव आहे. एके काळी कापडगिरण्यांसाठी ते प्रसिद्ध होतं. गावाच्या वरच्या बोडक्या टेकडीवर २००६मध्ये 'सिंगिंग रिंगिंग ट्री' म्हणजे गाणारं झाड उभं राहिलं. ॲना ल्यू आणि माइक टाँकिन या वास्तुकारांनी ते रचलं. उंची जेमतेम ३ मीटर. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी नळ्या एकावर एक आडव्या रचून त्यांना वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या झाडाचा आकार दिला आहे. यातल्या सगळ्याच नळ्या वाजत नाहीत. काही नुसता भार पेलतात. ज्या वाजायच्या, त्यांची लांबी ठरवून त्यांना विशिष्ट जागी खाचा पाडल्या आहेत. म्हणजे स्वर कुठले निघू शकतील हे माणसानं ठरवलं. त्यातले कुठले, कधी आणि कुठल्या क्रमानं निघतील, हे टेकडीवरचा वारा ठरवतो.

क्रोएशियातल्या झादर शहरात हेच काम समुद्र करतो. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर तुफान बॉम्बफेक झाली. युद्धानंतर किनाऱ्याची डागडुजी झाली ती काँक्रीटची, सरळसोट आणि रुक्ष. २००५मध्ये निकोला बाशिच या वास्तुकारानं त्याच किनाऱ्यावर पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या बांधल्या. सुमारे ७० मीटर लांबीचा हा घाट, आणि त्याच्या पोटात दडवलेल्या ३५ नळ्या. लाट नळीत शिरते, आतली हवा दाबली जाते, ती शिट्टीसारख्या फटीतून बाहेर पडते आणि सूर उमटतो. पायऱ्यांचे सात भाग आहेत आणि प्रत्येक भागात पाच नळ्या. समुद्र शांत असला की आवाज पुटपुटल्यासारखा येतो आणि मोठी बोट गेली की तिच्यामागून येणाऱ्या लाटांनी घाट एकदम मोठ्यानं गाऊ लागतो. जिथे कुणी थांबत नव्हतं तिथे आता लोक संध्याकाळी येऊन बसतात. पुढच्याच वर्षी, २००६मध्ये, या घाटाला सार्वजनिक जागांसाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला.

याच जातीचं आणखी जुनं काम अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर आहे. पीटर रिचर्ड्स आणि जॉर्ज गोन्झालेझ यांनी १९८६मध्ये केलेल्या या 'वेव्ह ऑर्गन'मध्ये २५ नळ्या आहेत. त्यांच्याभोवतीची दगडी बैठक एका मोडून टाकलेल्या कब्रस्तानाच्या दगडांची आहे. कोरलेल्या कबरींचे ते दगड आज समुद्राचा आवाज ऐकायला येणाऱ्यांना टेकायला उपयोगी पडतात. हा आवाज ऐकायचा तर भरती गाठावी लागते. तिथे वेळापत्रक चंद्राचं चालतं.

आता वाऱ्यावर चालणाऱ्या जनावरांकडे येऊ. नेदरलँड्समधले थिओ यान्सेन डेल्फ्टच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले आणि पदवी न घेताच चित्रकार झाले. त्यांच्या देशाची सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. समुद्र वर चढला तर काय, ही तिथे घरोघरची काळजी आहे. १९९०मध्ये एका डच वर्तमानपत्रातल्या सदरात यान्सेन यांनी कल्पना मांडली, की किनाऱ्यावर वाऱ्यानं चालणारी जनावरं सोडावीत; ती वाळू उकरून उडवत राहतील आणि वाळूच्या टेकड्यांची भर घालून देश वाचवतील. लिहून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी घराच्या वायरिंगला वापरतात ते पिवळे पीव्हीसीचे पाइप आणले आणि जनावर बांधायला घेतलं. तेव्हापासून आजवर त्यांचं आयुष्य याच कामात गेलं आहे.

या जनावरांना ते 'स्ट्रांडबेस्ट' म्हणजे किनाऱ्यावरचे पशू म्हणतात. मऊ वाळूत चाक रुतून बसतं, म्हणून पाय हवेत. पण चालताना पाय उचलला-टेकला की अंग वर-खाली होतं आणि त्यात जोर वाया जातो. चाकाचा आस एकाच उंचीवर राहतो, तसं पायांनी चालतानाही अंग एकाच उंचीवर राहिलं पाहिजे. यान्सेन यांनी पायाच्या दांड्यांची लांबी कमी-जास्त करत हे कोडं संगणकावर घातलं. संगणकानं हजारो पाय कल्पून त्यातले बरे निवडायचे, त्यांची सरमिसळ करून नवे पाय करायचे, त्यातून पुन्हा बरे निवडायचे. निसर्गात उत्क्रांती होते त्याच रीतीनं. रात्रंदिवस संगणक चालवून शेवटी दांड्यांच्या लांबीची काही ठरावीक प्रमाणं हाती आली. त्यांना ते 'पवित्र आकडे' म्हणतात. या प्रमाणात दांड्या जोडल्या की पाऊल जमिनीवर सपाट सरकतं, मग चटकन उचलून पुढे येतं आणि जनावर डुगडुगल्याशिवाय चालतं.

पुढची अडचण वाऱ्याची होती. वारा पडला आणि भरती आली तर जनावर बुडणार. म्हणून त्यांनी त्याला वारा साठवायला शिकवलं. पाठीवरचे पंख फडफडले की छोटे पंप चालतात आणि सरबताच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांत हवा दाबून भरतात. वारा थांबला की हीच शिदोरी पायांना पुरते. पुढे जमिनीलगत एक नळी असते. ती हवा ओढत राहते. हवेऐवजी पाणी आत आलं की ओढणं जड जातं आणि जनावर दिशा बदलून मागे फिरतं. वादळाची चाहूल लागताच वाळूत खुंटी ठोकून स्वतःला बांधून घेणारी जनावरंही त्यांनी केली. या सगळ्यात मोटार नाही, बॅटरी नाही. पाइप, दोऱ्या, नायलॉनच्या पट्ट्या आणि वारा, एवढंच भांडवल.

उन्हाळाभर ही जनावरं किनाऱ्यावर तपासली जातात. काय मोडलं, काय टिकलं, हे वारा आणि वाळू मिळून सांगतात. शरद ऋतू आला की यान्सेन त्या साली केलेलं जनावर नामशेष झालं असं जाहीर करतात आणि त्याचा सांगाडा इतर सांगाड्यांच्या शेजारी ठेवून देतात. हिवाळ्यात नवं जनावर बांधायला घ्यायचं, जुन्यातलं जे टिकलं ते वापरून. देशाचा किनारा अजून या जनावरांच्या हवाली झालेला नाही. पण एका माणसाची काळजी तीन दशकांहून जास्त काळ वाळूवर चालती-फिरती राहिली आहे.

एक कहाणी आपल्या देशातली आहे. जॅनेट एकेलमन ही अमेरिकन चित्रकार १९९७मध्ये फुलब्राइट योजनेखाली भारतात आली. इथे तिचं चित्रप्रदर्शन भरायचं होतं. रंग बोटीनं पाठवले होते, ते पोचलेच नाहीत. प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली. मुक्काम महाबलीपुरमला, म्हणजे शिल्पकारांच्या गावात. तिनं धातूच्या ओतकामाचा प्रयत्न केला, पण ते जड आणि खर्चिक पडू लागलं. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना मच्छीमार जाळ्यांचे ढीग रचताना तिला रोज दिसत. एके दिवशी तिच्या मनात आलं, की एवढा मोठा आकार आणि वजन मात्र काहीच नाही. हेच शिल्प झालं तर? तिथल्याच मच्छीमारांच्या मदतीनं तिनं जाळ्यांची पहिली शिल्पं केली. छायाचित्र घेण्यासाठी ती खांबांवर चढवली तेव्हा वाऱ्यानं जाळं फुगलं, दबलं, पुन्हा फुगलं. वारा डोळ्यांना दिसू लागला.

त्या जाळ्यापासून तिचं पुढचं सगळं काम निघालं. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहराच्या लगत, समुद्राकाठच्या एका मोठ्या वर्तुळाकार चौकावर २००५मध्ये तिचं 'शी चेंजेस' हे प्रचंड जाळं टांगलं गेलं. खाऱ्या हवेत आणि कडक उन्हात ते टिकावं, म्हणून धागा खास निवडावा लागला. वादळी वाऱ्यात जाळं कसं वागेल याचा हिशेब मांडायला शर्यतीच्या बोटींची शिडं बनवणारा एक अभियंता मदतीला घ्यावा लागला. महाबलीपुरमच्या वाळूवर हातानं गाठी मारून झालेली गोष्ट इथे गणितावर उभी आहे. पण खालून जाणाऱ्या माणसाला गणित दिसत नाही. त्याला मान वर केल्यावर आज वारा कुठून कसा आहे, ते दिसतं.

टिम नोल्स या इंग्रज कलावंतानं तर याहून साधा मार्ग काढला. झाडाच्या फांद्यांच्या टोकांना त्यानं पेनं बांधली, खाली कागद लावला आणि बाजूला झाला. वारा वाहिला तशी झाडानं चित्रं काढली. ताठ फांदीचं झाड आखूड, ठासून रेघोट्या ओढतं. लोंबत्या फांद्यांचं विलो लांब, सैल वळणं काढतं. वारा तोच असला तरी प्रत्येक झाडाचं अक्षर निराळं येतं.

काही कलाकृतींत मात्र वाट पाहणं हाच मोठा भाग असतो. वॉल्टर डी मारिया यांची 'लाइटनिंग फील्ड' ही १९७७ची कलाकृती अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या उंच, निर्जन माळावर आहे. एक मैल लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा जागेत स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब रोवले आहेत. एका बाजूला २५ खांब, दुसऱ्या बाजूला १६. दोन खांबांमधलं अंतर २२० फूट. २५ खांबांमध्ये २४ अंतरं, आणि २४ गुणिले २२० म्हणजे ५२८० फूट. बरोबर एक मैल. जमीन उंचसखल आहे, म्हणून खांबांची उंचीही कमी-जास्त ठेवली. सगळ्यांची टोकं एका पातळीत आली पाहिजेत, इतकी की वरून भलीमोठी काच ठेवली तर ती सपाट बसावी.

नाव विजेचं असलं तरी तिथे वीज क्वचितच पडते. एका वेळी फार तर सहा माणसांना जाता येतं आणि तिथल्या लाकडी घरात रात्रभर राहावं लागतं. भर दुपारी खांब उन्हात जवळजवळ नाहीसे होतात. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की ४०० रेघा उजळतात. बहुतेक माणसं वीज न पाहताच परततात, पण एक अख्खा दिवस आणि एक रात्र आभाळाकडे बघून परततात. वीज बोलावता येत नाही, तिच्यासाठी जागा तयार ठेवता येते. आणि ती जागा डी मारिया यांनी इंचाइंचानं मोजून तयार केली.

स्कॉटलंडमध्ये राहणारे अँडी गोल्ड्सवर्दी यांचं काम आणखी क्षणभंगुर आहे. पाऊस सुरू होतोय असं दिसलं की ते कोरड्या दगडावर किंवा जमिनीवर हात-पाय पसरून आडवे होतात. अंगावर पाऊस घेत तसेच पडून राहतात आणि मग सावकाश उठतात. भोवतालची जमीन भिजून काळवंडलेली आणि मधोमध माणसाच्या आकाराची कोरडी सावली. थोड्या वेळात पाऊस तीही पुसून टाकतो. त्यांच्यावर २००१मध्ये 'रिव्हर्स अँड टाइड्स' हा माहितीपट निघाला. त्यात समुद्रकिनाऱ्यावर ते नुसते दगडावर दगड रचून शंकूसारखी आकृती उभी करताना दिसतात. भरती यायच्या आत ती पुरी व्हायला हवी. ती पुन्हा पुन्हा ढासळते. ते खाली बसतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि पुन्हा पहिला दगड ठेवतात. प्रत्येक पडझडीतून दगडांची ओळख थोडी वाढते. अखेर आकृती उभी राहते आणि भरतीचं पाणी तिच्यावरून जातं.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. कलावंतानं काय केलं? आपण आतापर्यंत जे पाहिलं त्यात सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे. ज्याला वाऱ्याच्या हवाली करायचं आहे, त्याला आधी वाऱ्याहून जास्त नेमकं व्हावं लागतं. खाच एवढीच, अंतर २२० फूटच, दांडी याच लांबीची. इथे ढिलाई चालत नाही. हे सगळं केल्यावर कलावंत मागे सरतो, आणि या कामातली खरी अवघड पायरी मला तीच वाटते. आपल्या हातून सुटलेली गोष्ट आपल्याला हवी तशी वागेल याची हमी तिथे संपते. वारा पडला तर प्रेक्षक रिकाम्या हातानं जातो. वादळ झालं तर वर्षाची मेहनत मोडते. ही किंमत आधीच मान्य करून ही माणसं कामाला बसतात.

आम्ही गझल लिहितो तेव्हा वृत्त, काफिया, रदीफ सगळं आधी ठरलेलं असतं. मात्रा मोजून घ्याव्याच लागतात. त्या मोजमापात शेर कधी शिरेल, शिरेल की नाही, हे मात्र आमच्या हाती नसतं. उर्दू शायरीत पहाटेच्या वाऱ्याला, सबाला, निरोप्याचं काम दिलेलं आहे. निरोप देणाऱ्यानं तो नीट शब्दांत बांधायचा; सबा तो कुठे, कधी पोचवेल हे विचारायचं नाही. छापून गेलेली कविताही अशीच असते. वाचणारा ती आपल्या श्वासानं वाचतो, आपल्या जागी थांबतो, आणि मला अभिप्रेत नसलेला सूर तिच्यातून काढतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, नळी मी कापली, तर फुंकर कुणाची तरी लागणारच.

श्रोतेहो, यासाठी परदेशी जायला नको. दारातल्या कडुनिंबाच्या किंवा गॅलरीतल्या कुंडीतल्या झाडाच्या एखाद्या लवचीक फांदीच्या टोकाला दोऱ्यानं एक हलकं स्केचपेन बांधा. टोक जेमतेम टेकेल असा कागद पुठ्ठ्यावर लावून खाली ठेवा आणि बाजूला होऊन बसा. पेन किती उंचीवर बांधायचं, कागद कुठे धरायचा, हे दोन-चारदा करून पाहिल्यावरच जमेल. मुलं शेजारी असतील तर त्यांनाही थांबायला सांगा. वारा आपल्या सवडीनं येतो. रेघा उमटल्या की कागद उचला आणि खाली सही कुणाची करायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)